यंदाच्या पावसाळ्यात पुनवेपेक्षा अवसेला जपा

मंडळी, गेल्या काही वर्षांत मोबाईलवर एक नवीनच रीत पडली आहे. वर्षातून दोन-तीनदा 'सुपरमून'चे मेसेज फिरतात. मोठाच्या मोठा केशरी चंद्र, खाली कुठल्या तरी परदेशातल्या लाटांचा फोटो, आणि मजकूर असा की आज चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार, समुद्र खवळणार, कुणी पाण्याकडं फिरकू नका. आपण घाबरतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर पाणी होतं तिथंच. मग पुढच्या वेळी मेसेज आला की हसतो आणि पुढं ढकलतो.

आमचं म्हणणं असं, की आधीचं घाबरणंही चुकीचं आणि नंतरचं हसणंही चुकीचं. चंद्र जवळ आल्यानं पाण्याच्या उंचीत फरक पडतोच. तो किती पडतो ते मोजलेलं आहे, कधी पडणार ते वर्षभर आधी सांगता येतं. आणि यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या पावसाळ्यात तो अशा दिवशी पडणार आहे की त्या दिवशी आकाशात चंद्र दिसणारच नाही. फोटो काढायला काहीच नसल्यामुळं मेसेजही येणार नाही. तेव्हा आम्हीच लिहावं म्हटलं.

कुणी म्हणेल, कंग्राळीच्या लोकांनी समुद्रावर काय बोलायचं? बरोबर आहे. कंग्राळी बुद्रुक काय आणि खुर्द काय, आम्ही घाटावरचे. आमचं पाणी म्हणजे मार्कंडेय नदी, राकसकोपचा जलाशय आणि गावोगावची तळी. आमची मार्कंडेय तर कोकणाकडं पाठ करून वाहते. गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट पलीकडं बंगालच्या उपसागराला. पण बेळगावच्या बाजारात येणारा बांगडा, तारली, सुरमई कुठून येते? मालवण, वेंगुर्ला, गोवा, कारवार. तुमची होडी आठ दिवस जेटीला बांधलेली राहिली की आमच्या बाजारातल्या टोपल्या रिकाम्या राहतात. हे पान वाचणाऱ्यांत निम्मी मंडळी खाली किनाऱ्यावरची आहेत, सोयरीक तर दोन्हीकडं आहे. आणि लांबून बघणाऱ्याला कधी कधी एखादी गोष्ट नीट दिसते, एवढाच आमचा अधिकार.

आता मुळात भरती येते कशी ते एकदा सांगून घेतो. समुद्रावरच्या माणसाला भरती शिकवायची म्हणजे धाडसच, पण चंद्राच्या जवळ-लांब असण्याचा हिशेब त्याशिवाय लागत नाही.

एका दोराला तीन होड्या एकामागून एक बांधल्या आहेत आणि पुढून कुणी तरी ओढतं आहे असं समजा. पण ओढ सगळ्यांना सारखी नाही. पहिल्या होडीला जास्त, मधलीला त्याहून कमी, शेवटच्या होडीला सगळ्यांत कमी. काय होईल? पहिली पुढं सरकेल, शेवटची मागं राहील, आणि मधलीच्या दोन्ही बाजूंचं अंतर वाढेल. पहिली होडी म्हणजे चंद्राकडच्या बाजूचं पाणी, मधली म्हणजे आपली पृथ्वी, शेवटची म्हणजे चंद्राच्या उलट्या बाजूचं पाणी. म्हणून पाण्याला फुगवटे दोन येतात, एक चंद्राकडं आणि एक पाठीमागं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तसा आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. दिवसात दोन भरत्या येतात त्या यामुळं. सूर्यही हेच करतो. तो प्रचंड मोठा असला तरी फार लांब असल्यानं त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच पडतो. पुनवेला आणि अवसेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात येतात, एकमेकांचा जोर खातात, तेव्हा भांग.

इथपर्यंत सगळ्या तांडेलांना माहीत असतं. मधली होडी आणि पहिली होडी यांना लागणाऱ्या ओढीतला जो फरक, तो अंतराप्रमाणं फार झपाट्यानं बदलतो, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. अंतर दुप्पट झालं तर हा जोर निम्मा नाही, पाव नाही, एक-अष्टमांश होतो. आणि चंद्र काही पृथ्वीभोवती गोल चकरा मारत नाही. त्याची वाट थोडी लांबट आहे. सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर. फार जवळ येतो तेव्हा ३ लाख ५७ हजारांच्या आसपास, फार लांब जातो तेव्हा ४ लाख ६ हजारांच्या आसपास. ऐकायला वाटतं, पन्नास हजार किलोमीटरनं काय होणार? आकाशात बघितलं तर खरंच फार काही कळत नाही. पण भरतीच्या जोराचा हिशेब केला तर अगदी जवळच्या चंद्राचा जोर अगदी लांबच्या चंद्राच्या जवळजवळ दीडपट भरतो.

दीडपट म्हटल्यावर पाणी दीडपट चढतं असं समजू नका. मोबाईलवरचे मेसेज इथंच घसरतात. सूर्याचा वाटा वेगळा असतो, किनाऱ्याची ठेवण वेगळी असते. मुंबईला साध्या उधाणात पाण्याची चढ-उतार साडेतीन-चार मीटरची असते, तर गोवा-कारवारकडं ती दीड-पावणेदोन मीटरच. वर खंबातच्या आखातात हीच चढ-उतार दहा मीटरच्या पुढं जाते. आखात निमुळतं आहे, पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून ते उभं राहतं. चंद्र जवळ असताना उधाण आलं तर मुंबईकडं नेहमीच्या उधाणापेक्षा साधारण फूटभर पाणी जास्त चढतं, आणि गोवा-सिंधुदुर्ग-कारवारकडं साधारण अर्धा फूट.

अर्धा फूट! एवढ्यासाठी एवढा लेख? थांबा जरा.

आधी तिथीचं बघू. आपल्याकडं जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि पुनवेला-अवसेला बाराच्या सुमाराला. मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं करून बसतो. घड्याळ नसलेल्या काळात, पंचांग ऐकून माणसं खाडी ओलांडायची ती याच्याच जोरावर. आमच्या मते हा हिशेब आजच्या पोरांनाही पाठ पाहिजे, कारण मोबाईलची बॅटरी संपते.

पण हा हिशेब भरतीची वेळ सांगतो. उंचीबद्दल तो फक्त एवढंच सांगतो की पुनव-अवसेला पाणी मोठं आणि अष्टमीला लहान. चंद्र लांब आहे की जवळ, हे तिथीत कुठंच येत नाही. पुनवेपासून पुनवेपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात. चंद्र एकदा जवळ आल्यापासून पुन्हा जवळ येईपर्यंत साडेसत्तावीस दिवस. दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि दर महिन्याला दोन दिवसांनी एकमेकांपासून सरकतात. म्हणून चंद्राचं जवळ येणं कधी पुनवेला गाठतं, कधी अष्टमीला, तर कधी अवसेला. एका पुनवेला गाठलं की सहा-सात महिन्यांनी अवसेला, आणि तेरा-चौदा पुनवांनी पुन्हा पुनवेला. गेल्या काही वर्षांत बघा: ३० ऑगस्ट २०२३ ची नारळी पुनव, मग ऑक्टोबर २०२४ ची कोजागिरी, मग ५ नोव्हेंबर २०२५ ची त्रिपुरी. त्या त्या वर्षातल्या सर्वांत जवळच्या पुनवा या. दर वेळी एक-दोन महिने पुढं सरकत गेल्या.

एकाच तिथीला दोन वेगवेगळे चंद्र कसे असतात ते बघायचं तर दत्तजयंती घ्या. २६ डिसेंबर २००४ ला मार्गशीर्ष पुनव होती, दत्तजयंती होती, आणि त्याच दिवशी सुनामी आली. आजही कुणी तरी सांगतं, चंद्र जवळ आला होता म्हणून सुनामी आली. उलट होतं. त्या दिवशी चंद्र आपल्या वाटेवरच्या लांबच्या टोकाला पोचत होता, ४ लाख ६ हजार किलोमीटरवर. सुनामी आली ती सुमात्राजवळ समुद्राचा तळ भूकंपानं हलला म्हणून. चंद्राचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

आता ३ डिसेंबर २०१७ घ्या. तीच मार्गशीर्ष पुनव, तीच दत्तजयंती, वार रविवार. पण या वेळी चंद्र जवळच्या टोकाला, ३ लाख ५७ हजार किलोमीटरच्या आसपास. त्याच दिवसांत ओखी वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून वर सरकत होतं. ३० नोव्हेंबरच्या सुमाराला त्यानं कन्याकुमारी आणि केरळात हाहाकार केला. शेकडो मच्छीमार गेले किंवा बेपत्ता झाले. केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ माणसांसह सिंधुदुर्गाच्या आसऱ्याला आल्या, आणि आपल्या देवगडकरांनी त्यांना आपलं म्हणून सांभाळलं. गोव्यासमोर आलं तेव्हा वादळ किनाऱ्यापासून कितीतरी लांब, भर समुद्रात होतं. किनाऱ्यावर वारा असा नव्हताच. तरी पाणी आलं. गोव्यात केरी, हरमल, मांद्रे, मोरजीकडं शॅकमध्ये पाणी शिरलं, खुर्च्या-टेबलं वाहून गेली. सिंधुदुर्गाच्या सखल किनाऱ्यांवरही लाटा नेहमीची हद्द ओलांडून वर आल्या.

का आलं? लांबच्या वादळानं ढकललेल्या लाटा एकीकडून आल्या, पुनवेचं उधाण दुसरीकडून, आणि त्यावर जवळच्या चंद्राचा तो अर्धा फूट. तिन्हींची बेरीज एका रात्रीत झाली. हीच ओखी आठ दिवसांनी, भांगात आली असती, तर तेवढ्याच लाटा खाली फुटून परत गेल्या असत्या. आणि जवळचा चंद्र वादळाशिवाय आला असता, तर कुणाच्या लक्षातही आला नसता. २०२१ च्या मे महिन्यात ओडिशा-बंगालकडं यास वादळ आलं तेही २६ मेला, बुद्धपौर्णिमेला, चंद्र जवळ असताना. तिथंही वाऱ्यापेक्षा पाण्यानंच गावं जास्त बुडवली.

अर्धा फूट महत्त्वाचा ठरतो तो असा. सपाट वाळूच्या किनाऱ्यावर पाणी अर्धा फूट वर चढलं तर ते अर्धा फूट पुढं येत नाही, चार-पाच मीटर आत येतं. त्यावर लाट फुटली की आणखी आत. तुम्ही होडी ओढून ठेवता ती कुठं? गेल्या वर्षी पाणी जिथवर आलं होतं त्या खुणेच्या जरा वर. रापणीचं जाळं, दोर, इंजिन ठेवायची खोपटी, सुकत घातलेली मासळी, सगळं त्या खुणेच्या आसपास. देवबागसारख्या गावाचा तर प्रश्नच वेगळा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मध्ये माणसं. तिथं अर्धा फूट म्हणजे अंगण.

आता यंदाच्या तारखा. चंद्र यंदा पावसाळ्यात अवसेला गाठतो आहे. १५ जूनला, सोमवारी, अधिक ज्येष्ठाची अवस; चंद्र सर्वांत जवळ आदल्याच दिवशी-रात्री. १४ जुलैला, मंगळवारी, ज्येष्ठाची अवस. चंद्र जवळ आदल्या दिवशी. १२ ऑगस्टला, बुधवारी, आषाढाची अवस, म्हणजे दिव्याची; चंद्र जवळ दोन दिवस आधी. गेल्या वर्षी जुलैत अवस आणि चंद्राचं जवळ येणं यांत चार दिवसांचं अंतर पडलं होतं, त्यामुळं दोघांचा जोर एकत्र बसला नाही. यंदा बसतो. म्हणजे गेल्या वर्षीची पाण्याची खूण यंदा पुरणार नाही, असं धरून चला.

उलट २९ जूनची वटपौर्णिमा घ्या. चंद्र त्या सुमाराला लांब असेल. उधाण येईल, पण अवसेच्या उधाणापुढं ते कमीच. म्हणजे जून-जुलैत पुनवेचं उधाण बघून कुणी म्हणालं की यंदा पाणी काही विशेष नाही, तर त्या अंदाजावर अवसेला विसंबू नका. एका महिन्यातली दोन उधाणं यंदा सारखी नसणार आहेत.

आणखी दोन गोष्टी. सर्वांत मोठं पाणी अवसेच्या दिवशीच येतं असं नाही, ते एक-दोन दिवस उशिरा येतं. पाण्याला हलायला वेळ लागतो. तेव्हा १५ जूनची अवस म्हणजे १५ ते १७-१८ जून धरा, तसंच पुढचं. अवसेच्या दिवशी काही झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी होडी खाली ओढली, असं नको. आणि दुसरं, पावसाळ्यात दोन भरत्यांतली दुपारची मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. ओखीच्या वेळी पाणी रात्रीचं आलं, माणसं झोपेत होती. यंदा जून-जुलैत ते दुपारी बारा-एकच्या सुमाराला येईल. निदान उजेड असेल.

जूनमध्ये बंदी असते, बोटी वर असतात, मग काय काळजी, असं वाटेल. बोटी वर असतात हीच काळजी. समुद्रात असलेली बोट पाण्याबरोबर वर-खाली होते. झापांनी शाकारून किनाऱ्यावर ठेवलेली होडी पाणी खालून शिरलं की आडवी होते, बाजूच्या होडीवर आदळते, फळ्या सुटतात. त्यात पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा सलग दिवसेंदिवस किनाऱ्याकडं पाणी रेटत असतो. वर हवेचा दाब उतरलेला. दाब एक मिलिबारनं उतरला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर वर येतो. आणि खाडीतून घाटावरच्या पावसाचं पाणी खाली येत असतं, त्याला भरती तोंडाशीच अडवते. मुंबईनं २६ जुलै २००५ ला हेच भोगलं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारची भरती होती ४.४८ मीटरची. पुनव होऊन पाच दिवस झाले होते, म्हणजे खरं तर पाणी उतरणीला लागायचं. पण त्या पुनवेला, २१ जुलैला, चंद्र अगदी जवळ होता. पाच दिवसांनीही भरतीचा जोर पुरता ओसरला नव्हता. पाऊस एवढा होता की भरती नसती तरी मुंबई बुडालीच असती, हे खरं. पण मिठी नदीचं पाणी समुद्रात उतरायला जे तास हवे होते, ते भरतीनं खाल्ले.

भरतीची बातमी होते. ओहोटीची कधीच होत नाही, आणि आम्हाला विचाराल तर होडीवाल्याला ओहोटीच जास्त छळते. जवळचा चंद्र जेवढं पाणी जास्त चढवतो तेवढंच ते जास्त खालीही ओढतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो, नेहमीच्या ओहोटीला होडी त्याच्यावरून जेमतेम निघते. त्या दिवशी निघत नाही, रुतते, आणि मागून लाट आली की उलटते. जेटीला आखूड दोरानं बांधलेली होडी पाणी उतरलं की दोरावर लटकते. एक तर दोर तुटतो, नाही तर खुंटी उपटते. आणि पाणी सहा तासांत जास्त चढायचं आणि सहा तासांत जास्त उतरायचं, म्हणजे प्रवाहाला ओढ जास्त. वर मुंबई-रायगडकडच्या डोलकरांना ही ओढ हवीच असते, त्यांचं डोल प्रवाहावरच चालतं; भांगात ते बसून राहतात. पण ओढ प्रमाणाबाहेर गेली की त्यांचेही खुंट हलतात. आणि ऑगस्टच्या १२ ते १४ तारखेला, बंदी उठल्याउठल्या, पहिल्या पहिल्या फेऱ्यांना निघालेल्या लहान होड्यांनी खाडीच्या तोंडातून बाहेर पडायची वेळ पूर्ण ओहोटीची धरू नये. तास-दोन तास थांबलात तर डिझेल वाचेल आणि पंखाही वाचेल.

आता आमचं गाऱ्हाणं. हे सगळं काही गुपित नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती मोजली जाते. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी पुढच्या वर्षाचे भरतीचे तक्ते छापतं, त्यात बंदराबंदराची रोजची वेळ आणि उंची असते, आणि चंद्राच्या जवळ-लांब असण्याचा हिशेब त्यात धरलेलाच असतो. हैदराबादचं इन्कॉइस लाटांचा आणि उंच पाण्याचा इशारा रोज देतं. मुंबईत महापालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या दिवसांची यादीच काढते, वर्तमानपत्रं ती छापतात. मग ही यादी मालवणच्या, शिरोड्याच्या, कारवारच्या मासे उतरवायच्या धक्क्यावर का लागत नाही? कार्यालयातली कागदं कार्यालयातच राहतात. लागली तर इंग्रजीत लागते, किंवा बारीक अक्षरांत, आकड्यांच्या जंगलात. घाटावर आम्हाला धरणाच्या दरवाजांची सूचना येते तीही अशीच. कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजीत, आणि बहुतेक वेळा पाणी सोडल्यावर.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धक्क्यावर एक फळा. त्यावर आजची तिथी, भरतीची वेळ, तक्त्यातली उंची, आणि चंद्र 'जवळ', 'मध्ये' की 'लांब' एवढा एक शब्द. लिहायला खडू आणि एक जबाबदार माणूस पुरे. सोसायट्यांनी आपल्या छापील कॅलेंडरात पुनव-अवसेच्या खुणेशेजारी चंद्र जवळ असल्याची वेगळी खूण करावी. कॅलेंडरवाले एकादश्या, संकष्टीचे चंद्रोदय, बँकेच्या सुट्ट्या सगळं छापतात. ही एक खूण जास्त झाली तर कागद फाटणार नाही. आणि विम्याचा अर्ज भरताना नुकसान कुठल्या तारखेला झालं, त्या दिवशी तक्त्यात भरती किती होती, हे लिहायची सवय लावून घ्या. 'अचानक पाणी आलं' या वाक्यापेक्षा त्या आकड्याला जास्त वजन आहे.

सुपरमून या शब्दाबद्दलही एकदा बोलून घेऊ. हा शब्द खगोलशास्त्रज्ञांनी नाही, १९७९ मध्ये एका अमेरिकन ज्योतिषानं काढला. आम्हाला ज्योतिषाशी भांडण नाही. पण त्या शब्दानं सगळ्यांचं लक्ष दिसणाऱ्या चंद्रावर गेलं. पुनवेचा चंद्र जवळ आला तर गच्चीवर गर्दी, आणि अवसेचा चंद्र तेवढाच जवळ आला तर कुणाला पत्ता नाही. पाण्याला तो दिसतो की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आमच्या घाटावरच्या मंडळींनीही विचारलं, की मग राकसकोपच्या पाण्यावर, मार्कंडेयवर चंद्राचा काय परिणाम? जवळजवळ काही नाही. पहिल्या होडीत आणि शेवटच्या होडीत अंतर असेल तर ओढीत फरक पडणार; तलावाचं हे टोक आणि ते टोक चंद्राला एकच आहे. अमेरिकेतली समुद्राएवढी मोठी तळी आहेत, त्यांतही भरती पाच सेंटीमीटरच्या आतच येते. गंमत म्हणजे कंग्राळीची जमीन मात्र खरोखर उचलली जाते. चंद्र-सूर्याच्या ओढीनं पृथ्वीचं कवचसुद्धा दिवसातून दोनदा वीतभर वर-खाली होतं. आपल्यासह घर, विहीर, नदी सगळंच एकदम उचललं जातं, म्हणून कळत नाही. तेव्हा 'सुपरमून आहे, नदीत जाळं टाकू नका' असा मेसेज आला तर घाटावरच्यांनी खुशाल जाळं टाकावं. आपल्याला जपायचं ते पावसाला आणि सोडलेल्या पाण्याला. मात्र पुनवेच्या चांदण्यात मासळी जाळं ओळखते आणि बाजूनं निघून जाते, ही जुन्यांची तक्रार वेगळी आहे. ती उजेडाची गोष्ट, ओढीची नाही.

किनाऱ्यावरच्या मंडळींना एवढंच सांगणं, की १५ जूनच्या आत एकदा होडीजवळ जा. गेल्या वर्षीची पाण्याची खूण बघा, आणि होडी तिथून आणखी पाच-सात पावलं वर ओढा. शेजाऱ्याची होडी तुमच्या खालच्या अंगाला असेल तर त्यालाही हाक मारा, त्याची होडी सुटली तर ती तुमच्यावरच येणार. इंजिन खोपटीत जमिनीवर न ठेवता फळीवर उचलून ठेवा. ज्यांच्या बोटी खाडीत नांगरून असतात त्यांनी दोर दुपारच्या भरतीला आणि संध्याकाळच्या ओहोटीला असा दोनदा बघावा. इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा आणि अवस एकाच आठवड्यात आली, तर त्या तीन दिवसांत किनाऱ्यावर जाळी सुकत टाकू नका.

नारळी पुनव यंदा २८ ऑगस्टला आहे. त्या दिवशी चंद्र ना जवळ ना लांब, मधल्या अंतरावर असेल आणि उधाण नेहमीचंच राहील. पुढची सर्वांत जवळची पुनव २३-२४ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या रात्री. हिवाळा असल्यानं मोठी भरती मध्यरात्रीची असेल. तेव्हाची उंची आम्ही डिसेंबर लागला की याच पानावर टाकू.